डुबलांच्या घरातली दुसरी चूल

आमची धाकटी सून सानिका भांडत नाही, ही तिच्याबद्दल माझी पहिली तक्रार. सासूनं एक बोलावं, सुनेनं दोन बोलावीत, मग सासूनं चार. संध्याकाळपर्यंत दोघी दमतात आणि एकाच परातीपाशी भाकरी थापायला बसतात. घर असं चालतं. थोरली प्रतीक्षा तशी आहे, तोंडाला तोंड देते, म्हणून तिच्याशी माझं जमतं. सानिकाचं तसं नाही. मी बोलायला लागले की ती नुसतं "हं आत्या" म्हणते, ओट्यावरचं फडकं पिळून वाळत घालते आणि सोप्यात जाऊन मीटरशी बोलत बसते.

"पोपटकाका, माझ्या खोलीतल्या पंख्याचे किती झाले?"

"सानिकाताई, पंखा थोडाच चालला. अठरा रुपये," मीटर म्हणतं.

"घ्या माझ्या खात्यातून. आणि मिक्सरचा भारही माझ्याच नावावर लावा. कुणाचं मला ऐकून घ्यायचं नाही."

हे 'कुणाचं' म्हणजे मी. ऐकते मी आत बसून, पण मला उद्देशून एक शब्द नाही. जे काय आहे ते सगळं भिंतीवरच्या डब्याला.

त्या डब्याला पोपट का म्हणतात ते सांगायला हवं. आमच्या चिंचखोऱ्यातल्या गावांची मिळून एक वीज संस्था आहे. मालक आम्हीच. नफा कुणी खिशात घालत नाही, वर्षाच्या शेवटी उरतं ते सगळ्यांच्या बिलातून वजा होतं. पूर्वी बिल भरायचं म्हणजे तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहायचं. मग मोबाइलवर भरायची सोय झाली, ती आम्हा म्हाताऱ्यांना येईना. चष्मा शोधा, नंबर शोधा, आकडा टाका, वर तो मोबाइल विचारणार की तुम्ही यंत्र आहात का माणूस. संस्थेनं मग डोकं लढवलं. भिंतीवर बोलणारं मीटर बसवलं. त्याला तोंडानं सांगायचं, ते तोंडानं उत्तर देतं. बाजारच्या दिवशी हातात पैसे आले की पन्नास घे म्हणायचं, दुधाचा पगार झाला की दोनशे. लिहायचं नाही, वाचायचं नाही. नुसत्या आवाजावर म्हाताऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून निवृत्त झालेल्या पोपट वायरमनचा आवाज त्यात घातला. तीस वर्षं त्या माणसानं आमच्या खांबांवर चढून फ्यूज घातलेत, त्याचा आवाज कोण ओळखणार नाही? पोपटराव हयात आहेत. आता बाजारात भेटले की बायका त्यांनाच धरतात, "काय हो, काल आमचा फ्रीज जास्त खातो म्हणालात ते?" ते बिचारे हात जोडतात. म्हणतात, "बाई, मी नुसता आवाज दिलाय. आतलं डोकं दुसऱ्याचं आहे."

आतलं डोकं कसं चालतं ते मला आफरीननं सांगितलं. आफरीन मुलाणी संस्थेची इंजिनियर. खाली पाणवठ्याजवळच्या मुलाण्यांची नात, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. मीटर बसवायला आली तेव्हा मी तिला चहा दिला आणि हलू दिलं नाही. माझं शिक्षण तिसरी, पण घरात काही नवीन आलं की त्याचं पोट उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"घरात एकच तार येते," मी म्हटलं, "मग पंख्याचे किती, मिक्सरचे किती, हे याला वेगळं कसं कळतं? प्रत्येकाला काय चिमटा लावलाय?"

"चिमटा नाही आजी. पाळणा बघितलाय ना? वीज तशी असते. सेकंदाला पन्नास वेळा मागं-पुढं झोका घेते. आपण जी वस्तू लावतो ती त्या झोक्याला आपल्या पद्धतीनं हात लावते. साधा दिवा पाळण्याबरोबर डुलतो. फ्रीज सुरू होताना एकदा जोरात हिसका देतो, मग गप. पाण्याची मोटार हळूहळू दम धरते. विजेची शेगडी तर त्या झोक्याचे बारीक बारीक तुकडे करते, सेकंदाला हजारो. हे सगळे हिसके आणि तुकडे एकाच तारेत मिसळून येतात. डबा ते ऐकतो आणि वेगळे करतो. तुम्ही चालण्याच्या आवाजावरून ओळखता ना कोण आलं?"

"कोण आलं एवढंच नाही, कुठं जाऊन आलं तेही ओळखते."

आफरीन हसली. "तेवढं मात्र याला जमत नाही. हा कान आहे, डोळा नाही. वस्तू ओळखतो. ती कुठं ठेवलीय ते याला दिसत नाही."

तिचं हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

वस्तू अशा वेगळ्या झाल्यावर संस्थेनं भार उचलायची सोय केली. बिल आता एका माणसाच्या डोक्यावर नाही. पुण्यातल्या लेकीनं सांगायचं, आईच्या फ्रीजचा भार माझ्यावर. झाला. परक्या सभासदालासुद्धा कुणाच्या दिव्याचा भार उचलता येतो, नाव न सांगता. शाळेतल्या पंख्यांचा भार कोण उचलतं ते अजून कुणाला माहीत नाही. याच सोयीनं आमच्या सानिकानं पंखा घेतला, मिक्सर घेतला आणि तोंड मिटलं.

आता चुलीचं सांगते. संस्था काढली तेव्हाच्या जुन्या माणसांनी नियम केला होता, एक चूल, एक सभासद, एक मत. घर किती खोल्यांचं, माणसं किती, ते बघायचं नाही. एका चुलीवर जेवतात ती एक घर. तेव्हा लाकडाच्या चुली होत्या, मोजायला सोप्या. पुढं मीटर बोलायला लागलं तेव्हा सभेत ठरलं की त्यानं मराठी बोलावं. इंडक्शन, हॉटप्लेट, कुकटॉप असले शब्द म्हाताऱ्यांना कळत नाहीत, ज्यावर अन्न शिजतं त्या सगळ्याला चूल म्हणावं. हात वर करणाऱ्यांत मी पुढं होते. माझं घर अकरा माणसांचं, चूल एक, आणि सभासद मी. शेअर माझ्या नावावर, ह्यांच्या नाही. हे म्हणजे आमचे मालक.

तर श्रावण संपता संपता एका सकाळी कांता विरजण मागायला आली. कांता म्हणजे आमची शेजारीण, तिच्या कानावर गेलेली गोष्ट पुढच्या वेशीपर्यंत पायी जात नाही, मोटारसायकलवर जाते. ती सोप्यात उभी, मी वाटीत विरजण काढत होते, आणि हातासरशी मीटरला विचारलं, "पोपटराव, महिन्याचं सांगा."

"शालनताई, दिवे आणि पंखे एकशे नव्वद. फ्रीज एकशे दहा, पुण्याहून भरले. पाण्याची मोटार चारशे. चूल पहिली सहाशे वीस. चूल दुसरी ऐंशी."

कांताचा हात वाटीपाशी थांबला.

"दुसरी?" ती म्हणाली. एवढंच. पण त्या एका शब्दात तिनं आमचं घर दोन ठिकाणी मोडलं.

"मीटर बिघडलंय," मी म्हटलं.

"बिघडलं असेल," कांता म्हणाली आणि विरजण न घेताच गेली.

जेवणवेळेपर्यंत वाडीभर झालं. डुबलांची चूल वेगळी झाली. धाकटी वर माडीवर चोरून शिजवते. शालनबाईंना सून उपाशी ठेवते इथपासून शालनबाई सुनेला उपाशी ठेवते इथपर्यंत सगळं.

मी माडीवर गेले. सानिका कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पलंगाखाली वाकले, तर तिथं खोका. वर चित्र विजेच्या शेगडीचं.

"ही चूल दुसरी," मी म्हटलं.

"आत्या, खोक्याची पट्टी बघा. उघडलेला नाही."

"मग ठेवलाय कशाला? पूजेला?"

ती परत घड्या घालायला लागली. मी बोलत गेले. काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "चोरून खायची हौस असेल तर उघड वेगळी हो."

सानिकानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, सरळ. "उघडलेला नाही," ती परत म्हणाली. "पण आता उघडते."

आणि माझ्या पुढ्यातून जिना उतरून ती सोप्यात गेली. मी वरून ऐकलं.

"पोपटकाका, दुसरी चूल माझी आहे. माझी चूल वेगळी धरा. मला वेगळं सभासद व्हायचंय."

"नोंद केली, सानिकाताई. रविवारच्या वार्षिक सभेत मंजुरीला ठेवू. कुणाची हरकत असेल तर तिथं सांगावी."

झालं. एवढंच लागलं.

पूर्वी घर वेगळं करायला काय काय लागायचं! वाटणीचा कागद, तलाठ्याचा दाखला, वेगळ्या मीटरचा अर्ज, चार पंचांच्या सह्या, खांब टाकायला माणसं. अर्ध्या वाटेत राग निवायचा. अर्ज कोपऱ्यात पडून राहायचा, माणसं परत एका पंगतीला बसायची. बिल भरायची अडचण होती, पण त्या अडचणीनं किती घरं बांधून ठेवली होती ते कुणी मोजलं नव्हतं. संस्थेनं सगळं सोपं केलं, तसं घर मोडणंही सोपं झालं. एक वाक्य, तेही भिंतीला.

आमच्या घरात एकदा चूल वेगळी झालेली आहे. ह्यांचे धाकटे भाऊ बापू. एका मीटरवर दोन कुटुंबं होती आणि बापूंनी न विचारता पिठाची गिरणी लावली. बिल आलं ते बघून मी तोंड सोडलं. दोष त्यांचा होता, हे मी आजही म्हणते. त्यांनी वेगळं मीटर घेतलं आणि मी सांगितलं, या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यांच्या लग्नातसुद्धा आम्ही एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. जाऊ वारली तेव्हा मी गेले, रीत म्हणून, पण बोलले नाही. त्यांचा मुलगा पुण्यात. बापू एकटेच असतात, मळ्याच्या पलीकडच्या अंगाला.

आता तेच सानिकाचं होणार होतं. धाकटा ओंकार तिचा नवरा, शीतगृहात पाळीला जातो. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, तुम्ही दोघी ठरवा, मी कुठंही जेवीन." त्याचं खाणं बघता ते खरं आहे.

पण मला एक गोष्ट खटकत होती. खोक्याची पट्टी. ती खरोखर उघडलेली नव्हती. मग ऐंशी रुपयांची वीज खाल्ली कुणी? राग बाजूला राहिला आणि हे कोडं माझ्या डोक्यात बसलं. मी संस्थेच्या कचेरीत गेले.

"आफरीन, तुझा पोपट खोटं बोलतो."

"आजी, तो चुकतो कधी कधी, पण खोटं बोलत नाही. बसा." तिनं माझा अंगठा घेतला, कारण दुसऱ्याच्या घरचं ऐकायची कुणाला परवानगी नाही, सभासदाला स्वतःचं ऐकता येतं. मग पडद्यावर रेघा आणल्या.

"पंचमीला धाकटी माहेरी होती," मी म्हटलं. "तेव्हाचं बघ."

तिनं बघितलं. "दुसरी चूल तेव्हाही लागलीय. रोज दुपारीच लागते."

म्हणजे सानिका नव्हे. प्रतीक्षा दुपारी शाळेत पोषण आहार करायला जाते, ती नव्हे. मी धाकटीला उगाच बोलून बसले होते. पण मी तोंडावर काही दाखवलं नाही.

"नुसत्या रेघा काय बघायच्या? ऐकता येतं का?"

आफरीनचे डोळे चमकले. "येतं. झोक्याचे तुकडे कानाला ऐकू येतील इतके मोठे करते." तिनं माझ्या कानाला यंत्र लावलं. आधी आमची पहिली चूल. प्रतीक्षाचा हात. एकदा आच लावली की एकसारखा गुणगुणाट, भुंगा बसल्यासारखा. मग दुसरी. मोठी आच, मग एकदम बारीक, परत मोठी, परत बारीक. मध्येच गप. परत मोठी.

"हे काय, खेळतंय कुणी?" आफरीन म्हणाली.

"खेळत नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढतंय आणि पुढं सारतंय," मी म्हटलं. "बटणावर हात आहे, पण सवय लाकडाची. आणि उतू जाणारं काहीतरी आहे."

"थांबा आजी, याच्या आधी आणखी एक आवाज आहे." तिनं थोडं मागं नेलं. जाड घरघर हळूहळू मंदावत गेली आणि थांबली. मग चूल.

"मोटार," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आमची मोटार घरात नाही, मळ्यात विहिरीवर आहे. त्याच सभासद क्रमांकावर, त्याच तारेवर. पोपटला कान आहे, डोळा नाही. दुसरी चूल घरात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मळ्यात गेले. उसाच्या कडेनं, आवाज न करता. मोटारीच्या खोलीचं दार अर्धं उघडं. आत सिमेंटच्या कट्ट्यावर जुनी विजेची शेगडी, तिच्यावर पातेलं. एका बाजूला आमचे हे, हातात पळी. दुसऱ्या बाजूला बापू, शेगडीच्या बटणावर हात ठेवून.

"आच कमी कर बापू, उतू जातंय."

"कमी केली की गुठळ्या होतात दादा. हलवत राहा की."

भाजलेल्या हुलग्यांचा आणि गुळाचा वास. हुलग्याचं माडगं, पिठाची गोड पातळ पेज. माझी सासू करायची, तिच्यानंतर आमच्याकडं कुणी केलं नाही.

मी दार पुढं ढकललं. हे दचकले. "अगं, मोटारीचं बेअरिंग वाजत होतं, ते बघत होतो."

"पळीनं?"

बापू उठायला गेले, गुडघा धरून परत बसले. "वैनी, मी चाललोच होतो."

"कुठं चालला होता? पातेलं तर तुमचंच दिसतंय."

माडगं तेवढं बोलत होतं, पुटपुट पुटपुट. मी ह्यांच्या हातातली पळी घेतली, कारण ते हलवायचे थांबले होते आणि खाली लागलं असतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"पेरण्या झाल्यापासून," हे म्हणाले. "बापूला आईच्या हातच्या माडग्याची आठवण आली. बांधावर भेटला तेव्हा बोलला. घरी करा म्हणायची सोय नव्हती."

"आणि याचं बिल?"

"निम्मा भार मी उचललाय, वैनी," बापू म्हणाले. "नाव न सांगता."

"पोपट मला बोलला नाही ते!"

"तुम्ही किती झालं ते विचारलं. कोण भरतं ते विचारलं नसेल."

ज्या बिलावरून आम्ही एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं, ते बिल आता असं वाटता येत होतं की दोघे भाऊ एका पातेल्यापाशी बसले तरी कुणाला पत्ता नाही. ज्या सोयीनं माझं घर मोडायला निघालं होतं, तिनंच मोडलेलं इथं विहिरीवर सांधलं होतं. यंत्राला काय, ते फक्त चुली मोजतं. चूल वेगळी का एकत्र, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. आम्हाला तरी कुणी शिकवलं होतं?

"चूल वेगळी झाली याचं मला काही वाटलं नाही, वैनी," बापू पातेल्याकडं बघत म्हणाले. "तेव्हा ती होणारच होती. पण नंतर जेवायला बोलावणंच झालं नाही."

मी कट्ट्यावरची वाटी पुढं केली. बापूंनी माडगं ओतलं. मी प्याले.

"वेलदोडा घालायचा असतो यात," मी म्हटलं. "उद्या घेऊन येते."

घरी येताना मी पूर्ण वाट विचार करत होते. आता माझ्या हातात एक नेमकी गोष्ट होती. सभेत उभं राहून म्हणायचं, ही चूल सानिकाची नाही, मळ्यातली आहे. माझी सून मीटरशी खोटं बोलली. नोंद तिथंच रद्द झाली असती. खोका पट्टीसकट पलंगाखाली राहिला असता, घर एक चूल, एक सभासद, एक मत, आणि माझी मान ताठ. कांताचं तोंडही बंद. फक्त सानिका आयुष्यभर भिंतीशी बोलत राहिली असती.

संध्याकाळी ती ओट्याशी होती. मी विचारलं, "तो खोका घेतला कशाला होता?"

"हं?"

"हं नको. नीट सांग."

तिनं फडकं पिळलं, वाळत घातलं नाही, हातातच ठेवलं. "आत्या, इथं अकरा माणसांचं एकदम होतं. तिखट तुमच्या अंदाजानं, वेळ ह्यांच्या पाळीची, भाजी मुलांच्या आवडीची. वाईट काही नाही. पण एकदा तरी मला माझ्या भुकेनं स्वयंपाक करून बघायचाय. मला येतो का तेही मला माहीत नाही. लग्नाआधी आईनं केला, इथं आल्यावर तुम्ही आणि ताईंनी. मी नुसतं चिरून देते." मग म्हणाली, "खोका घेतला पण उघडायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही चोर म्हणालात तेव्हा झालं."

एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, मध्ये तोडायला जीव झाला नाही.

रविवारी सभा संस्थेच्या आवारात, पत्र्याच्या मांडवात. बायका डावीकडं. सानिका माझ्यापासून चार ओळी मागं, एकटी. पुरुषांत आमचे हे मान खाली घालून, आणि पार शेवटच्या रांगेत बापू. कांता पहिल्या ओळीत, मान वळवायला सोपं जावं म्हणून कडेला. अध्यक्ष जयसिंगराव चष्मा लावून वाचत होते. जमाखर्च, खांब बदलणं, शिल्लक वीज. मग म्हणाले, "नवीन सभासद. शालन डुबल यांच्या घरी दुसरी चूल. सौ. सानिका ओंकार डुबल यांचा अर्ज. मूळ सभासदांची हरकत?"

पंखे तेवढे फिरत होते. कांतानं मान वळवली.

मी उठले. "नोंद चुकलीय."

मागं सानिकाच्या बांगड्या वाजल्या. तिला वाटलं, सगळं संपलं.

"दोन नाहीत," मी म्हटलं. "तीन लिहा. एक घरातली, माझी आणि थोरलीची. एक मळ्यात, मोटारीच्या खोलीत. तिथं आमचे मालक आणि त्यांचे भाऊ बापू दुपारी माडगं करतात."

मांडव हसला. ह्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मागून कुणी ओरडलं, "बापू, आम्हालाबी बोलवा की!" बापू खाली बघत हसत होते. किती वर्षांनी बघितलं ते हसणं.

जयसिंगराव म्हणाले, "शालनबाई, मग तीन मतं होतात. नियम बघावा लागेल."

"मळ्यातल्या चुलीला मत नको. तिथं बसतात त्यांना आधीच फार मतं आहेत. आणि नियम बघणार असाल तर नीट बघा. चूल किती, यावरून घर मोजू नका. आमच्याकडं एकच चूल होती तेव्हा दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दुसरी झाली तेव्हा एका पातेल्यातलं प्यायला लागले. पोपटला हे कळत नाही, तुम्हाला तरी कळावं." अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि तिसरी?" त्यांनी विचारलं.

"तिसरी अजून खोक्यात आहे. आज उघडेल."

मी वळले. सानिका उभी राहिली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ओढणीचं टोक मुठीत.

"सानिका," मी म्हटलं, मांडवाच्या शेवटापर्यंत ऐकू जाईल असं. "तुझी चूल वेगळी, माझी हरकत नाही. तुझं मत तू दे, माझ्या विरोधात दिलंस तरी चालेल. पण ऐक. आज तुझ्या हातचं पहिलं जेवण मी जेवणार, तू बोलाव नाहीतर नको बोलावू. जमलं नाही तर तोंडावर सांगेन. जमलं तर परत वाढून घेईन. यात फरक होणार नाही. आता बस खाली, सगळे बघायला लागलेत."